कारखान्याच्या फरशीतली नदी

ज्यांचं लोकलमध्ये नेटवर्क जातं, किंवा ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हा भाग नेहमीप्रमाणे लिहून देतेय. बोलताना आली तशीच वाक्यं बऱ्याच ठिकाणी ठेवली आहेत.

आज आपण ब्राझीलला जाणार आहोत. साओ पावलो शहर, पोम्पेया नावाचा भाग, क्लेलिया रस्ता. रस्त्यावरून बघितलं तर विटांच्या जुन्या शेड्सची रांग दिसते. आत शिरलं की मधोमध एक दगडी गल्ली आणि दोन्ही बाजूंना शेड्स. त्यातल्या सगळ्यात मोठ्या शेडमध्ये पाऊल टाका. वर कौलारू छप्पर आहे, त्यात मध्ये मध्ये काचेची कौलं, त्यातून उजेडाचे पट्टे खाली उतरतात. आणि फरशीत एक नदी आहे.

चेष्टा करत नाहीये. जमिनीत वळणं घेत जाणारा पाण्याचा उथळ पट्टा आहे, तळाशी गोटे. पोरं काठावर बसून पाण्यात हात बुडवतात. थोड्या अंतरावर खऱ्या लाकडांची शेकोटी. कुणी बुद्धिबळ खेळतंय, कुणी पेपर वाचतंय, कुणी सोफ्यावर चक्क डुलकी काढतंय. आणि मेन्यूकार्ड घेऊन कुणी तुमच्या डोक्यावर उभं राहत नाही.

या जागेचं नाव सेस्क पोम्पेया. एके काळी इथे पत्र्याची पिंपं बनायची. आजचा भाग या कारखान्याचा आहे, त्यात नदी आणणाऱ्या बाईंचा आहे, आणि एका प्रश्नाचा आहे: जुन्या कारखान्यात आपण झाडं, पाणी, उजेड आणतो, ते नक्की कुणासाठी?

मनीप्लांट आणि उघड्या विटा

हा प्रश्न मला का पडला ते सांगते. तुम्हीही असल्या जागा पाहिल्या असतील. जुनी गिरणी नाहीतर गोदाम, भिंतीचं प्लास्टर काढून विटा उघड्या केलेल्या, लोखंडी खांब काळे रंगवलेले, वरून लटकणाऱ्या कुंड्या, एका भिंतीवर हिरवीगार वेलींची चादर. रील काढायला एकदम भारी. इंटिरिअरवाले याला 'बायोफिलिक डिझाइन' म्हणतात. सोप्या भाषेत सांगायचं तर माणसाला निसर्गाची ओढ असते, म्हणून जिथे तो बसतो, काम करतो, तिथे निसर्ग आणायचा.

कल्पना पोकळ नाही. 'बायोफिलिया' हा शब्द लोकांच्या तोंडी आणण्यात एडवर्ड ओ. विल्सन या अमेरिकन जीवशास्त्रज्ञाचा मोठा वाटा आहे. याच नावाचं त्यांचं पुस्तक १९८४ साली आलं. त्याच वर्षी रॉजर उलरिक यांचा एक छोटा अभ्यास प्रसिद्ध झाला. पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन झालेल्या ४६ पेशंटच्या नोंदी त्यांनी तपासल्या. निम्म्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, निम्म्यांच्या खिडकीतून विटांची भिंत. झाडंवाले पेशंट लवकर घरी गेले आणि त्यांना जोरदार वेदनाशामकं कमी लागली. आज ऑफिसात कुंड्या विकणारा प्रत्येक जण हा अभ्यास सांगतो.

पण पोम्पेयातली नदी त्याच्या दोन वर्षं आधी, १९८२ मध्ये लोकांसाठी खुली झाली होती. तेव्हा हा शब्द फॅशनमध्ये नव्हता. म्हणजे ती नदी ट्रेंड बघून आलेली नाही. मग कुठून आली?

पिंपांचा कारखाना

हा कारखाना १९३८ मध्ये माउझर नावाच्या जर्मन कंपनीने बांधला. पत्र्याची पिंपं बनवायला. पुढे १९४५ मध्ये तो दुसऱ्या कंपनीकडे गेला आणि तिथे रॉकेलवर चालणारे फ्रिज बनू लागले. हो, रॉकेलवर! जिथे वीज पोचली नव्हती तिथे फ्रिजसुद्धा ज्योतीवर चालायचे. नंतर तेही बंद पडलं आणि १९७१ मध्ये ही जागा सेस्क नावाच्या संस्थेने विकत घेतली.

सेस्क काय आहे हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी गोष्ट त्याच्यावर उभी आहे. ही संस्था १९४६ मध्ये स्थापन झाली. व्यापार आणि सेवा क्षेत्रातल्या कंपन्या आपल्या पगारबिलाच्या दीड टक्का रक्कम हिला देतात. देणगी नाही, कायद्याने द्यावीच लागते. त्या पैशातून कामगारांसाठी आणि त्यांच्या कुटुंबांसाठी खेळ, नाटक, वाचनालय, दवाखाना, स्वस्त जेवण असं सगळं चालतं. म्हणजे दुकानात काउंटरवर उभी राहणारी मुलगी संध्याकाळी पोहायला जाऊ शकते, आणि त्या तलावाला तिच्या मालकाच्या खिशातूनही पैसे गेलेले असतात.

सुरुवातीला सेस्कचा विचार सरळ होता. जुन्या शेड्स पाडायच्या आणि नवी इमारत बांधायची. त्या काळात जगभर हेच चाललं होतं. कारखाना म्हणजे काजळी, आवाज, घाम. बंद पडला की पाडा, विषय संपला. पण नवं काम सुरू होईपर्यंत जागा रिकामी कशाला ठेवायची, म्हणून १९७३ च्या सुमारास सेस्कने तिथे तात्पुरते कार्यक्रम सुरू केले. आणि माणसं यायला लागली.

रोमहून आलेल्या लीनाबाई

आता आपल्या नायिकेकडे येऊ. लीना बो बार्दी. जन्म रोम, १९१४. आर्किटेक्चर शिकल्या रोममध्ये, काम केलं मिलानमध्ये, आणि ऐन उमेदीत दुसरं महायुद्ध आलं. १९४३ च्या बॉम्बहल्ल्यात त्यांचं ऑफिस उद्ध्वस्त झालं. ज्या वयात इमारती बांधायच्या त्या वयात त्यांनी इमारती पडताना पाहिल्या. १९४६ मध्ये पिएत्रो मारिया बार्दी यांच्याशी लग्न करून त्या ब्राझीलला आल्या आणि १९५१ मध्ये ब्राझीलच्या नागरिक झाल्या.

त्याच वर्षी त्यांचं स्वतःचं घर बांधून झालं. 'काचेचं घर' म्हणून ते प्रसिद्ध आहे. बारीक खांबांवर उभं, भिंतींच्या जागी काच, आणि मधल्या मोकळ्या चौकातून वर आलेलं झाड. साओ पावलोच्या हमरस्त्यावरचं कला संग्रहालय, ज्याच्या पोटाखालची सगळी जमीन लोकांसाठी मोकळी सोडलेली आहे, तेही त्यांचंच, १९६८ चं.

पण पोम्पेयाची खरी तालीम झाली ती ईशान्य ब्राझीलमधल्या साल्वादोर शहरात. तिथे समुद्रकाठी पोर्तुगीज काळातलं साखरेच्या व्यवहाराचं एक जुनं आवार होतं. लीनाबाईंनी त्याचं लोककलेचं संग्रहालय केलं. आतला लाकडी जिना त्यांनी बैलगाडीचे सांधे जोडतात त्या पद्धतीने बसवला. आपल्याकडच्या सुताराला दाखवला तर तो लगेच ओळखेल. १९६४ मध्ये ब्राझीलमध्ये लष्कराने सत्ता बळकावली आणि साल्वादोरमधलं त्यांचं काम तुटलं. त्यानंतर बरीच वर्षं त्यांच्या हाती मोठं काम फारसं आलं नाही. पोम्पेयासाठी सेस्कने बोलावलं तेव्हा त्या साठीच्या पुढे होत्या आणि देशात अजून हुकूमशाहीच होती.

एका शनिवारी

पहिल्यांदा गेल्या तेव्हा त्यांनी फक्त इमारत बघितली, आणि तिच्या प्रेमात पडल्या. काँक्रीटचे सडपातळ खांब आणि तुळया होत्या. चौकशी केल्यावर कळलं, ही एनेबिक पद्धतीची रचना आहे. फ्रान्स्वा एनेबिक या फ्रेंच बांधकामतज्ज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी काँक्रीटमध्ये लोखंडी सळ्या घालून सांगाडा उभारायची पद्धत रूढ केली होती. म्हणजे आज तुमच्या-माझ्या बिल्डिंगचा जो 'आरसीसी' सांगाडा असतो, त्याचा हा पूर्वज. लीनाबाईंनी ठरवलं, हे पाडायचं नाही.

दुसऱ्यांदा त्या गेल्या शनिवारी. त्या दिवशी काय पाहिलं ते त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय, मी माझ्या शब्दांत सांगते. शेड्समधून पोरं पळत होती. छप्पर गळत होतं, खाली पाणी साचलेलं, आणि त्याच पाण्यात मोठी मुलं फुटबॉल खेळत होती. बॉल पाण्यात पडला की हशा. दाराशी आया मांस भाजत होत्या, सँडविच करत होत्या. जवळच बाहुल्यांचा खेळ चालू होता आणि समोर पोरांची गर्दी. म्हातारी माणसं या शेडमधून त्या शेडमध्ये रेंगाळत होती.

लीनाबाईंच्या मनात आलं, हे सगळं असंच चालू राहिलं पाहिजे, याच आनंदात.

इथे मी थांबते क्षणभर. आर्किटेक्टला काम मिळतं तेव्हा समोर सहसा रिकामा कागद असतो. यांच्या समोर भरलेली जागा होती. निसर्गसुद्धा तिथे आधीच आला होता: गळक्या छपरातून पाणी, फुटक्या कौलातून ऊन, आणि दाराशी विस्तव. पाणी, ऊन आणि आग. आता त्या मोठ्या दालनाचा नकाशा आठवा. पाण्याचा पट्टा, काचेची कौलं, शेकोटी. मला नेहमी वाटतं की नदी त्या शनिवारच्या डबक्यातून आली. हा माझा अंदाज आहे, त्यांनी तसं कुठे म्हटल्याचं माझ्या वाचनात नाही. पण नकाशा आणि तो शनिवार शेजारी शेजारी ठेवले की दुसरं काही सुचत नाही.

आत काय केलं?

काम सुरू झालं १९७७ मध्ये. लीनाबाईंनी ऑफिस थाटलं ते साइटवरच. सोबत आंद्रे वैनर आणि मार्सेलो फेराझ हे दोन तरुण आर्किटेक्ट. रोज गवंड्यांशी, सुतारांशी बोलत, तिथल्या तिथे कागदावर काढत नऊ वर्षं हे चाललं.

पहिलं काम म्हणजे काढून टाकणं. भिंतींवरचं प्लास्टर वाळूच्या फवाऱ्याने उडवलं आणि आतल्या विटा, काँक्रीट मोकळं केलं. आज ही फॅशन आहे, हार्डवेअरच्या दुकानात विटांचं चित्र असलेला वॉलपेपरही मिळतो. तिथे मात्र त्या विटा खरोखर त्या कारखान्याच्या होत्या आणि त्या रचणारे गवंडी, त्यांच्यामध्ये राबलेले कामगार त्याच शहरातले होते.

मग उजेड. छपरात काचेची कौलं बसवली. कोकणातल्या घरांत माजघरावर किंवा चुलीवर एखादं काचेचं कौल असतं ना, अगदी तीच युक्ती. दिवसा दिवा लावायला नको, आणि उन्हाचा कवडसा जमिनीवरून सरकत जातो त्यावरून किती वाजले तेही कळतं. बंद एसी ऑफिसात बसणाऱ्यांना ही चैन विचारा.

मग नदी आणि शेकोटी. त्यांच्या आजूबाजूला काँक्रीटचे कमी उंचीचे मजले उभे केले आणि त्यावर वाचनालय. भिंती नाहीत, दारं नाहीत. वाचता वाचता खाली बघितलं की पाणी दिसतं. फर्निचर पाइनच्या जाड लाकडाचं, दणकट. पोरांनी उड्या मारल्या तरी मोडणार नाही असं. शेजारच्या शेड्समध्ये मातीकाम, विणकाम, छपाई शिकायच्या कार्यशाळा, नाट्यगृह, स्वस्त जेवणाची मोठी खानावळ. मधल्या गल्लीच्या कडेने पावसाचं पाणी वाहून न्यायला गटारं आहेत, तीसुद्धा गोट्यांनी भरलेली. पाऊस पडला की पाणी कुठे जातं ते तुम्हाला दिसतं.

एक गोष्ट लक्षात आली का? इथे फार झाडं मी सांगितलीच नाहीत. हिरवी भिंत नाही, लटकत्या कुंड्या नाहीत. निसर्ग म्हणजे फक्त हिरवं, असं आपण धरून चालतो. लीनाबाईंनी पाणी, दगड, आग, उजेड आणि वारा घेतला. ज्याला हात लावता येतो, ज्याने अंग भिजतं किंवा शेकतं.

नदीचं नाव

या नदीला नाव आहे, साओ फ्रान्सिस्को. खरी साओ फ्रान्सिस्को ब्राझीलच्या सगळ्यात मोठ्या नद्यांपैकी एक. २,७०० किलोमीटरहून जास्त लांब. मिनास जेराइस राज्यात उगम पावते, उत्तरेला जाते, ईशान्येकडचा कोरडा प्रदेश ओलांडते आणि अटलांटिकला मिळते. लोक लाडाने तिला 'म्हातारा शिकू' म्हणतात. 'शिकू' हे फ्रान्सिस्कोचं घरगुती नाव. आपण दत्तात्रयाला दत्तू म्हणतो तसं.

आता साओ पावलो शहर कुणी उभं केलं बघा. विसाव्या शतकाच्या मध्यात याच ईशान्य भागातून लाखो माणसं दुष्काळाने, गरिबीने उठून ट्रकच्या हौद्यात बसून साओ पावलोला आली. कारखान्यात लागली, बांधकामावर लागली, घरकामाला लागली. त्यांच्या बोलण्याची, खाण्याची शहरात टिंगल व्हायची. आणि एक दिवस शहराच्या मध्यावर, एका कारखान्याच्या आत, फरशीत त्यांच्या गावाकडची नदी उगवते. नावासकट.

हे कसं वाटत असेल, ते आपल्याला समजायला सोपं आहे. गिरणगाव कुणी भरलं? रत्नागिरी, सिंधुदुर्ग, सातारा, कोल्हापूरहून आलेल्या माणसांनी. एका खोलीत वीस-वीस गडी पाळीपाळीने झोपायचे आणि गणपती-शिमग्याला गावी पळायचे. कल्पना करा, परळच्या एखाद्या गिरणीत, जिथे साचे खडखडायचे त्या जमिनीतून कुणी पाण्याचा एक पट्टा नेला आणि त्याला म्हटलं 'वाशिष्ठी'. चिपळूणचा एखादा म्हातारा नातवाला घेऊन काठावर बसला आणि म्हणाला, "बघ रे, ही आपली." तिकीट नाही, ऑर्डर नाही.

पाणी तेवढंच, दगड तेवढेच. नावाने ते कुणाचं तरी होतं.

जमिनीखालची दुसरी नदी

गंमत म्हणजे कारखान्याच्या आवारात एक खरा ओढासुद्धा आहे. त्याचं नाव 'काळं पाणी' अशा अर्थाचं. साओ पावलोतल्या कितीतरी ओढ्यांसारखा तोही पाइपात घालून जमिनीखाली गाडलेला. मुंबई-पुण्याच्या माणसाला हे काही नवीन नाही, आपण नदीला नाला म्हणून मोकळे होतो. नियम असा होता की त्या ओढ्यावर बांधकाम करायचं नाही. आणि सेस्कला खेळाच्या इमारतीसाठी जी मोकळी जागा उरली होती, तिच्या मधूनच तो जात होता.

लीनाबाईंनी काय केलं? ओढ्याच्या दोन्ही काठांवर एकेक उंच काँक्रीटची इमारत उभी केली. एकीत पोहण्याचा तलाव आणि खेळाची मैदानं, दुसरीत कपडे बदलायच्या खोल्या वगैरे. दोन्ही इमारतींना जोडायला हवेतून पूल टाकले. म्हणजे खेळायला जाणारा प्रत्येक जण ओढा ओलांडून जातो. आणि ओढ्याच्या वर, जमिनीवर, लांबलचक लाकडी फळ्या टाकल्या. उन्हाळ्यात लोक तिथे टॉवेल पसरून पडतात. साओ पावलोला समुद्र नाही, तर गाडलेल्या ओढ्याच्या डोक्यावर त्यांनी चौपाटी करून घेतली.

मैदानांच्या इमारतीला नेहमीच्या खिडक्या नाहीत. भिंतीला वेडीवाकडी भोकं पाडलीत, गुहेच्या तोंडासारखी, आणि त्यांना काच नाही. लाल रंगाच्या लाकडी जाळ्या आहेत, बस. लीनाबाईंना एसी आणि गालिचे दोन्ही नकोसे वाटायचे. वारा आरपार जायला हवा, म्हणून भोकं. आणि चार मैदानांना नावं दिली चार ऋतूंची, वसंत, उन्हाळा, शरद, हिवाळा, प्रत्येकाची फरशी त्या ऋतूच्या रंगांत. खेळाच्या इमारती १९८६ मध्ये सुरू झाल्या. तोवर वर्षभरापूर्वी हुकूमशाहीही संपली होती.

१९८२, दोन शहरं

आता तारीख परत बघा. पोम्पेयाच्या शेड्स लोकांसाठी उघडल्या १९८२ मध्ये. आणि १८ जानेवारी १९८२ ला मुंबईत गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार. पुढे काय झालं ते तुमच्यापैकी अनेकांच्या घरात कुणीतरी भोगलंय, मी नव्याने सांगायला नको.

या दोन घटनांचा एकमेकींशी थेट संबंध नाही. पण दोन्हींमागे एकच प्रश्न होता: कारखाना थांबला की त्या जागेचं काय?

मुंबईने याचं एक उत्तर कागदावर लिहिलंही होतं. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ क्रमांकाचा नियम होता. गिरणीची जमीन विकसित करायची तर ढोबळमानाने एक तृतीयांश महापालिकेला मोकळ्या जागांसाठी, म्हणजे बागा-मैदानांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला घरांसाठी आणि उरलेली मालकाला. १९९६ मध्ये चार्ल्स कोरिया यांच्या अध्यक्षतेखाली अभ्यासगटही नेमला होता, या सगळ्या जमिनींचा एकत्र विचार करायला. मग २००१ मध्ये नियम बदलला. वाटणी फक्त आधीपासून रिकाम्या असलेल्या जमिनीची, बांधकाम पाडून मोकळी होणारी जमीन त्यात धरायची नाही. गिरण्यांच्या आवारात रिकामी जमीन असते किती? प्रकरण कोर्टात गेलं आणि मार्च २००६ मध्ये सुप्रीम कोर्टाने बदललेला नियम कायम ठेवला.

म्हणजे गिरणगावातही निसर्ग येणार होता. बाग म्हणून, सगळ्यांसाठी. त्यातला बराचसा आला तो कुंडीतून, दाराच्या आत, बिलाच्या खाली.

मी कुंड्यांच्या विरोधात नाही हां. मीसुद्धा काही वर्षं लोअर परळमधल्या अशाच एका ऑफिसात काम केलं. भिंतीवर वेली होत्या, दर सोमवारी एक माळी येऊन त्यांची पानं पुसायचा. त्या भिंतीजवळ बसलं की बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण माळीदादा स्वतः जेवायला जिन्याखाली बसायचे. त्या हिरव्या भिंतीसमोरच्या खुर्च्या स्टाफसाठी होत्या.

पण फुकट काहीच नसतं

आता तुमच्यापैकी कुणीतरी म्हणेल, ताई, हे सगळं गोड आहे, पण चालवायला पैसे कोण देणार? बरोबर प्रश्न आहे. पाण्याचा पट्टा साफ करावा लागतो, नाहीतर महिन्याभरात डासांची पैदास. कौलं गळतात. शेकोटीला लाकूड लागतं. निसर्ग आत आणला की त्याची देखभाल सुरू होते आणि ती संपत नाही.

म्हणूनच मी मघाशी तो दीड टक्का इतका ठासून सांगितला. लोक पोम्पेयाला जातात, फोटो काढतात, उघडं काँक्रीट आणि लाल पाइप घेऊन येतात आणि दीड टक्का तिथेच विसरतात. नदी टिकली ती त्या दीड टक्क्यावर. लीनाबाईंची कल्पना कितीही मोठी असली तरी मागे कायद्याने येणारा पैसा नसता तर आज तिथे मॉल असता, आणि कदाचित त्याच नदीच्या काठावर महागडी कॉफी.

आणि सेस्क काही स्वर्ग नाही. पोहायला जायचं तर सभासदाचं कार्ड लागतं, सगळ्या सोयी सगळ्यांना मोकळ्या नाहीत. पण नदीच्या शेडमध्ये कुणीही येऊन बसू शकतं. येणाऱ्यामध्ये दुकानदार असतो, कॉलेजची पोरं असतात, रिटायर झालेले आजोबा असतात, आणि ज्याला दुपारभर कुठे जायचं नाही असा माणूसही असतो. लीनाबाईंना १९९२ मध्ये मरण आलं, त्याच काचेच्या घरात. २०२१ मध्ये व्हेनिसच्या बिएनालेने त्यांना जीवनगौरवाचा सुवर्णसिंह दिला, म्हणजे त्या गेल्यावर २९ वर्षांनी. मधल्या काळात कौतुकाची वाट न बघता पोरं पाण्यात हात बुडवतच होती.

तर मंडळी, पुढच्या वेळी एखाद्या जुन्या गिरणीतल्या, गोदामातल्या झाडंबिडं लावलेल्या जागेत गेलात की फोटो जरूर काढा. फक्त तीन गोष्टी बघा. एक, इथे काही विकत न घेता अर्धा तास बसता येतं का? दोन, इथल्या झाडांना पाणी घालणारा माणूस त्याच झाडाखाली बसू शकतो का? आणि तीन, इथे पूर्वी काम करणाऱ्यांपैकी कुणाचं काही या जागेत उरलंय का? नाव, अवजार, बोलीतला शब्द, काहीही. उत्तरं मला पाठवा, जागेच्या फोटोसकट. घरात कुणी गिरणीत काम केलेलं असेल तर त्यांना विचारा, त्यांच्या खात्यात उजेड कुठून यायचा आणि जेवणाच्या सुट्टीत ते कुठे बसायचे. त्यांच्या आवाजातलं रेकॉर्डिंग पाठवलंत तर फारच छान. पुरेशी उत्तरं आली तर त्यांचाच एक भाग करू.

आजच्यापुरतं एवढंच. भाग आवडला तर आर्किटेक्चर शिकणाऱ्या एखाद्या मैत्रिणीला, मित्राला पाठवा. भेटू पुढच्या भागात.